चढलेला आकडा

"गोळी चुकते का मधूनमधून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. प्रश्न बायकोला होता, उत्तर त्याने दिलं. "चुकेल कशी? मी स्वतः देतो. रोज साडेआठला, नाश्ता झाल्यावर, भरपूर पाण्याबरोबर." बाईंनी मान डोलावली. न पटलेली माणसंच अशी मान डोलावतात, असं त्याला वाटलं. मग त्यांनी टेबलावरच्या संगणकाचा पडदा दोघांना दिसेल असा वळवला. दोन वर्षांपूर्वी आकडा शंभर टक्क्यांच्या घरात होता, मग आठ झाला, मग दोन, पाच महिन्यांपूर्वी अर्धा. आता साडेतीन. "रक्तातल्या बिघडलेल्या पेशी आपण गोळीने दाबून धरल्या होत्या," बाई म्हणाल्या, "त्या परत डोकं वर काढतायत. याला कारणं दोनच. एक तर गोळी अंगात पुरेशी टिकत नाही. नाहीतर त्या पेशींनीच रूप बदललंय आणि ही गोळी त्यांना लागू पडेनाशी झालीय. तसं असेल तर गोळी बदलावी लागेल. त्याची तपासणी करायला टाकते, तीन आठवड्यांनी या." एवढं बोलून त्या थांबल्या, आणि चष्मा काढून म्हणाल्या, "दुसरं काही घेता का हो? काढा, पाला, भुकटी, कुणी प्रेमाने दिलेलं काहीही?" "नाही," बायको म्हणाली. अगदी लगेच. तो टेबलावरच्या घड्याळाकडे बघत राहिला. घड्याळावर औषधाच्या एका कंपनीचं नाव होतं. फुकट मिळालेलं घड्याळ, त्याच्या मनात आलं. फुकट कुणी कुणाला घड्याळ देतं होय?

मनात असं येणं ही त्याची नोकरीच होती. वीजखात्यात एकवीस वर्षं तो मीटर तपासत आला होता. लोकांच्या जिन्याखाली, दाराआड, गोदामांच्या मागच्या भिंतींशी उकिडवं बसायचं, सील हाताळून बघायचं, तार कुठे खरवडलीय का बघायचं, आणि मग वर मान करून घरमालकाकडे बघायचं. घरात चार खोल्या गार करणारी यंत्रं घरघरतायत आणि मीटर मात्र उपास केल्यासारखं मंद चाललंय, असं दिसलं की त्याला एक प्रकारचं समाधान होई. ऑफिसात त्याला सगळे 'भिंग' म्हणत. तोंडावरही म्हणत. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. उलट तपासायला शिकलो नसतो तर आपलं काय झालं असतं, असं वाटे. कारण एकोणीस वर्षांचा असताना तो शिकलेला नव्हता. वडील दवाखान्यात होते, पायांवर सूज होती, आणि रोज सकाळी एक हसरा डॉक्टर येऊन म्हणायचा, "झकास चाललंय, उद्यापरवा घरी." त्या उद्यापरवाच्या आदल्या दिवशी वडील गेले. कागद हातात आले तेव्हा त्याने ते वाचले. त्यात आठवड्याआधीच लिहिलेलं होतं की आशा नाही. आठवडाभर तो वडिलांसाठी नव्या चपला शोधत फिरला होता, सूज उतरल्यावर मापाच्या होतील अशा. तेव्हापासून हसून सांगितलेलं काहीही त्याच्या घशाखाली उतरत नसे.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर बायको म्हणाली, "चालत जाऊया का? बसमध्ये जीव गुदमरतो." ती त्याच्या अर्धा पाऊल पुढे चालत होती. सार्वजनिक ग्रंथालयात ती फाटक्या पुस्तकांची बांधणी करायची. सुया, मेणाचा दोरा, खळ, आणि पानं दाबायची एक हाडाची पट्टी, हा तिचा संसार. हा आजारही तिथेच पहिल्यांदा दिसला होता. नडग्यांवर निळे डाग उठायला लागले, तेव्हा ती म्हणाली टेबलाची कड लागते. दोघांनी मिळून टेबलाच्या कडेला फडकं गुंडाळलं होतं. फडकं गुंडाळल्यावरही डाग येतच राहिले. 'रक्ताचा कर्करोग' हे शब्द ऐकल्यावर ती पहिल्यांदा काय म्हणाली असेल, तर, "बरं झालं, टेबलाची काही चूक नव्हती." तो मात्र त्या दिवसापासून चूक शोधत होता. पाण्यात शोधली, खळीच्या वासात शोधली, घरासमोरच्या मोबाइलच्या मनोऱ्यात शोधली.

"काय विचार करताय?" तिने मागे न बघता विचारलं. "काही नाही. नमुना बदलला असेल प्रयोगशाळेत." "असेल." "गोळ्यांची पट्टी मागच्या वेळी दुसऱ्या दुकानातून घेतली होती." "हं." "तू गिळतेस ना नीट?" ती थांबली. वळून त्याच्याकडे बघितलं. गोळीमुळे तिच्या डोळ्यांखाली सूज असायची, त्यामुळे ती नेहमी नुकतीच झोपून उठल्यासारखी दिसे. "आता जीभ वर करून दाखवू का?" ती म्हणाली आणि खरंच रस्त्यात, भर फुटपाथवर, तिने जीभ वर करून दाखवली. त्याला हसू आलं नाही. तिलाही आलं नव्हतं.

खरं तर त्याच्याकडे सांगण्यासारखं एक होतं, आणि ते सोडून तो बाकी सगळं तपासत होता. त्याने पट्टी भिंगाखाली धरली, अक्षरांची शाई पसरलीय का पाहिली, मग दुकानदाराकडे नेली. दुकानदार म्हणाला, "साहेब, हे मीटर नव्हे. आतून फिरवता येत नाही." रक्त घ्यायच्या खिडकीपाशी जाऊन त्याने तिथल्या मुलीला विचारलं की बाटल्यांवर नावं आधी लावता की नंतर. ती म्हणाली, "तुम्ही कुठून आलात? वरून पाठवलंय का?" सकाळी साडेआठला तो बायकोच्या गळ्याकडे बघे. घोट खाली जाताना गळ्याची एक शीर हलते, ती हलली की नाही. ती ग्रंथालयात गेल्यावर त्याने तिची जुनी पर्स उपडी केली. सुया, दोऱ्याचं रीळ, एक कोरी वही. गोळी एकही नाही. पर्स परत खुंटीला लावताना त्याला कळलं, की आपल्याला ती सापडायला हवी होती. तिने टाकून दिलेली एक तरी गोळी. म्हणजे मग दुसरं काही शोधावं लागलं नसतं.

दुसरं म्हणजे स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर, जुन्या स्क्रूंच्या डब्यामागे ठेवलेली बरणी. रोज सकाळी तो गाजर-बिटाचा रस काढायचा आणि त्यात त्या बरणीतली एक चमचा भुकटी घालून ढवळायचा. गेले साडेतीन महिने. बायकोला माहीत नव्हतं. आजाराच्या सुरुवातीलाच तिने सांगून टाकलं होतं, "मला शंभर जण शंभर उपाय सांगणार. मी या एका गोळीवर भरवसा टाकायचं ठरवलंय. भरवसा वाटून टाकला की कुठेच पुरत नाही. तेव्हा तुम्ही पाल्याबिल्याच्या मागे लागायचं नाही, कबूल?" तो कबूल म्हणाला होता. पण अर्ध्यावर आकडा आला तरी तिच्या पोटरीत येणारे गोळे थांबेनात, बोटं वळायची, सुईत दोरा ओवताना ती ओठ चावायची. बांधलेली पुस्तकं वाकडी यायला लागली. एके दिवशी ती एक पुस्तक तीनदा उसवून बसली आणि चौथ्यांदा तसंच ठेवून दिलं. जी गोळी माणसाची बोटं वळवते ती आत काय करत असेल? आणि जे औषध जन्मभर घ्यायचं, ते बरं करतं की नुसतं टांगून ठेवतं? बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "जन्मभर घ्यायचं म्हणजे जन्म आहे, असं समजा." वाक्य छानच होतं. छान वाक्यांचाच त्याला संशय होता.

भुकटी देणारा माणूस रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक होता. शहराच्या पलीकडच्या टोकाला, चौथ्या मजल्यावर गच्चीभर कुंड्या. ऑफिसातल्या एकाने पत्ता दिला होता. गेला तो पकडायलाच गेला होता. पाटी आहे का, रांग आहे का, भिंतीवर बऱ्या झालेल्यांचे फोटो आहेत का. काहीच नव्हतं. मास्तर लुंगीवर कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी तासभर ऐकून घेतलं आणि एक पैसाही घेतला नाही. पैसे घेत नाही म्हटल्यावर त्याच्या तपासणीला हात घालायला जागाच उरली नाही. बंद मीटरसमोर बसल्यासारखा तो नुसता बसून राहिला. पिवळ्या फुलांची ती भुकटी मास्तरांनी कागदात बांधून दिली. म्हणाले, मन उभारी धरतं, अंगाचा ठणका कमी होतो, झोप लागते. कर्करोग बरा होतो असं ते म्हणाले नाहीत. ते त्याने स्वतःच मनात जोडून घेतलं. वर एक चिठ्ठी दिली होती. चिठ्ठी त्याने बसमध्ये वाचली, घडी करून पाकिटात ठेवली आणि पुढे तिच्याकडे बघितलं नाही.

दोन आठवडे असे गेल्यावर एका रविवारी दुपारी तो परत त्या गच्चीवर गेला. चौथ्या मजल्यापर्यंत चढताना त्याने वाक्यं जुळवली होती. भुकटीत काय काय मिसळता, कुठून आणता, तपासून घेतली आहे का कधी. मास्तरांनी दार उघडलं आणि पहिलंच विचारलं, "कशा आहेत वहिनी? डॉक्टर काय म्हणाले?"

"कशाला काय म्हणाले?"

"भुकटीला. तुम्ही सांगितलंत ना त्यांना?"

मास्तरांच्या हातात पाण्याची झारी होती, ती त्यांनी हळूच खाली ठेवली.

"अहो, मी तुम्हाला लिहून दिलं होतं. ही भुकटी यकृताला जागं करते, मग दुसरी काही औषधं अंगातून लवकर बाहेर टाकली जातात. कर्करोगाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, ते नको म्हणाले तर देऊ नका. अधोरेखित केलं होतं मी."

"वाचलं मी ते."

"मग?"

मग काय, हे त्याला नीट आठवत होतं. बसमध्ये खिडकीशी बसून चिठ्ठी वाचताना त्याला वाटलं होतं, की अंग काढून घेण्यासाठी सगळेच असं लिहितात. दवाखान्यात ऑपरेशनआधी सही घेतात तसं. प्रत्येक गोष्टीच्या मागे काहीतरी वेगळं असतं हे त्याला माहीत होतं, आणि एखाद्या कागदावर जे लिहिलेलं असतं तेच असू शकतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "मला वाटलं," तो म्हणाला, आणि पाकिटातून ती चिठ्ठी काढली. मास्तर चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चुकलं माझंच. चिठ्ठीवर नको होतं सोडायला. वहिनींना भेटून द्यायला हवी होती." आणि दार लावताना परत म्हणाले, "आजच बंद करा. आणि सांगा हो त्यांना. सांगा."

घरी आल्यावर त्याने बरणी काढली. बायको खिडकीशी बसून घरी आणलेलं एक पुस्तक शिवत होती. उन्हात तिची बोटं पिवळी दिसत होती. त्याने बरणी तिच्यासमोर ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मास्तर, गच्ची, चिठ्ठी, रस, साडेतीन महिने. सांगताना त्याला कळत होतं की आपण जबाब देतोय, तारखेवार, जशी माणसं त्याच्यासमोर द्यायची. फरक एवढाच की ती माणसं सबबी सांगत, आणि त्याला एकही सबब सुचत नव्हती. "आकडा माझ्यामुळे चढला," तो शेवटी म्हणाला. ती ऐकत होती. सुई पानात अर्धी जाऊन थांबली होती. मग तिने ती पलीकडून ओढून काढली, दोरा ताणला, गाठ मारली आणि म्हणाली, "नाही चढला तुमच्यामुळे."

"म्हणजे?"

"तो रस मी प्यायलेच नाही. पहिल्या दिवशी घोट घेतला, चव विचित्र लागली. तेव्हापासून तुम्ही पाठ वळवली की बेसिनमध्ये ओतत होते. उगाच जिवाला लावून घेऊ नका."

तो खाली, जमिनीवर बसला. सुटलो, असं पहिल्यांदा वाटलं, आणि त्या सुटण्याची लगेच लाज वाटली. कारण तिने ओतून दिलं असेल तर पेशींनीच रूप बदललं होतं, म्हणजे पुढे नवी गोळी, तीही लागू पडेल की नाही कोण जाणे. आपण निर्दोष ठरावं यासाठी तिचा आजार वाढलेला असायला हवा होता. आणि या लाजेच्याही तळाशी, पाणी निवळल्यावर दिसावं तसं, जुनं ओळखीचं काहीतरी हललं. खरं बोलतेय का ही? पहिल्या घोटालाच कळलं, तर त्याच वेळी 'हे काय घातलंय' म्हणून ओरडली कशी नाही? मिठाचा एक कण जास्त झाला तरी बोलणारी बाई. आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा 'नाही' म्हणायला तिला एक क्षणही लागला नव्हता. बरणी उचलून तो बेसिनकडे गेला. भुकटी ओतताना पिवळा धुरळा उडाला, नळ कितीतरी वेळ सोडला तरी जाळीच्या कडेला पिवळी रेघ राहिलीच. साडेतीन महिने रोज रस ओतला असता तर बेसिन कसं दिसलं असतं, हे बघायला तो खाली वाकला. आणि वाकलेला तसाच राहिला. मागून तिच्या सुईचा, दोरा ओढल्याचा सूं सूं आवाज येत होता. त्याने नळ बंद केला आणि बेसिन न बघता बाहेर आला.

तिसरा आठवडा संपला. दवाखान्यात त्यांचा नंबर आला तेव्हा तो नेहमीप्रमाणे फाइल घेऊन उठला. बायकोने त्याच्या हातातून फाइल घेतली. "आज तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली. "मला बाईंशी एकटीला बोलायचंय." दार लागलं. दाराला खाली बोटभर फट होती, आणि बाकावर दाराच्या बाजूची जागा रिकामी होती. तिथे बसलं तर ऐकू आलं असतं. आतून आधी बाईंचा आवाज आला, मग तिचा, बराच वेळ तिचा एकटीचा. तो उठला आणि व्हरांड्याच्या पार टोकाला, वजनकाट्यापाशी जाऊन उभा राहिला. एक म्हातारा पुन्हा पुन्हा काट्यावर चढत होता आणि दर वेळी वेगळं वजन आल्याची तक्रार त्याच्याकडे करत होता. "चप्पल काढून बघा," तो म्हणाला. मग त्याला वाटलं, उभ्या आयुष्यात आपण ऐकू येत असताना लांब गेलो असं हे पहिल्यांदाच.

बायको बाहेर आली. डोळ्यांखालच्या सुजेमुळे ती रडली होती की नाही ते कळत नव्हतं. "चला," ती म्हणाली, "औषध घेऊन जाऊ." दुकानात द्यायचा कागद तिने त्याच्या हातात दिला, सवयीने, कारण कागद नेहमी तोच वाचायचा. त्याने वाचला. तपासणीत पेशींनी रूप बदलल्याचं आढळलं नाही. गोळी तीच. तेवढीच. सर्व वनस्पती-भुकट्या कायमच्या बंद. तीन महिन्यांनी रक्त.

गोळी बदललेली नव्हती. त्याने ती ओळ परत वाचली, आणि मग पाठीमागे काही लिहिलंय का म्हणून कागद उलटा केला. मागे कोरं होतं. म्हणजे ती प्यायली होती. एक चमचा, साडेतीन महिने, रोज सकाळी त्याच्या डोळ्यांदेखत, घोटाघोटाने, आणि तो गोळीसाठी तिचा गळा बघत होता.

"काय वाचताय एवढं?" तिने विचारलं.

"अक्षर लागत नाहीये."

"छापील आहे ते," ती म्हणाली.

पुढचे तीन महिने दोघांनी रसाचा विषय काढला नाही. साडेआठला तो गोळी काढून बशीत ठेवायचा आणि पाठ वळवून खिडकीबाहेर बघायचा. गळा बघत नसे. हे अवघड होतं. पहिले काही दिवस त्याला कानांनी ऐकू यायचं, पेला टेकल्याचा आवाज, घोटाचा आवाज, मग त्याने त्या वेळेला नळ सोडायला सुरुवात केली. ऑफिसात कुणीतरी म्हणालं की भिंगाचा नंबर उतरलाय बहुतेक. मास्तरांना त्याने एक पत्र लिहिलं. बायकोची बोटं वळायची ती वळतच राहिली. ते गोळीचंच होतं आणि गोळीबरोबर राहणार होतं. तिने आता जाड पुस्तकं दुसरीला देऊन फक्त पातळ घ्यायला सुरुवात केली. दोन-तीनदा त्याच्या मनात आलं, की तीन महिन्यांनी आकडा उतरला नाही तर? म्हणजे मग आपल्यामुळे नाही असं ठरेल. असं मनात आलं की तो उठून जिना उतरून खाली जायचा आणि उगाच वर यायचा.

आकडा उतरला. पाऊणवर आला होता. डॉक्टरीणबाई या वेळी हसल्या, आणि त्याला बघून म्हणाल्या, "आणखी खाली जाईल." त्याला ते हसणं चाललं. पाऊण म्हणजे त्याने घातलेल्या एकेका चमच्याची पावतीच होती. खोटं म्हणायला जागा नव्हती. बाहेर लिफ्टसमोर दोघं उभी राहिली. लिफ्ट वरच्या मजल्यावर कुठेतरी अडकून बसली होती.

"सगळा पीत होतीस ना?" त्याने विचारलं.

ती दाराच्या पत्र्यातल्या दोघांच्या पुसट सावल्यांकडे बघत होती. "रोज," ती म्हणाली. "मला वाटलं, साधा पाला असेल. यांना काहीतरी करायचंय, करू दे. इतक्या आशेने बघायचात तुम्ही पेला रिकामा होताना." मग म्हणाली, "फार कडू होतं हो."

"मग एकदा तरी बोलायचंस मला."

"तुम्ही बोललात?"

लिफ्ट आली. आत आधीच सहा-सात माणसं होती. माणसं सरकली, दोघांपुरती जागा झाली.